नवा संघ, नवी सायकल, जुने गुडघे

व्यावसायिक रोड सायकलिंगमध्ये संघबदलाच्या बातम्या १ ऑगस्टपासून यायला लागतात. यूसीआय या जागतिक महासंघाच्या नियमांप्रमाणे त्याआधी करार जाहीर करता येत नाही. जुना करार ३१ डिसेंबरला संपतो, नवा १ जानेवारीला सुरू होतो. रायडरच्या शरीराचा संघबदल मात्र यांच्या अधेमधेच होतो. ऑक्टोबरमध्ये इल लोम्बार्दिया शर्यत झाली की हंगाम जवळजवळ संपतो. मग जुन्या संघाने परवानगी दिली, तर डिसेंबरच्या सराव शिबिरात नवी सायकल हातात येते. जानेवारीत ऑस्ट्रेलियात टूर डाउन अंडर ही शर्यत. म्हणजे हाती उरतात जेमतेम काही आठवडे, आणि तेवढ्यात दोन गोष्टी जुन्या सायकलवरून नव्या सायकलवर न सांडता न्यायच्या असतात: मिलिमीटर, म्हणजे बसण्याची मापं, आणि वॅट, म्हणजे पायांच्या शक्तीचा आकडा.

मिलिमीटरला एवढं महत्त्व का, ते साध्या गुणाकाराने कळतं. मिनिटाला ९० फेऱ्या या गतीने पाच तास पेडल मारलं, तर प्रत्येक गुडघा २७,००० वेळा वाकतो आणि सरळ होतो. तोही वर्षानुवर्षं एकाच मार्गाने. स्नायूबंध आणि कूर्चा त्या मार्गाला सरावलेले असतात. सॅडल, म्हणजे बसायची सीट, ५ मिमी वर गेलं की पाय खाली पुरा पोचावा म्हणून कंबर डावी-उजवीकडे डुलायला लागते, गुडघ्याची मागची बाजू दुखते, बसायच्या जागी जखमा होतात. खाली आलं, तर गुडघ्याच्या वाटीवरचा दाब वाढतो आणि दुखणं पुढच्या बाजूला येतं. २०२१च्या हंगामासाठी संघ बदललेल्या ख्रिस फ्रूमने २०२३मध्ये जाहीरपणे सांगितलं, की आपली बसण्याची मापं जुन्या दिवसांच्या तुलनेत सेंटिमीटरच्या हिशेबात बदलली होती. चार वेळा टूर द फ्रान्स जिंकलेल्या रायडरच्या बाबतीत हे होऊ शकतं, कारण मापं घेताना फसायला भरपूर जागा असते.

सर्वांत मोठी फसगत सॅडलच्या टोकावर होते. सॅडल किती मागे आहे हे मोजायला सायकल पाणसळीने सपाट उभी करतात, सॅडलच्या टोकावरून ओळंबा सोडतात आणि क्रँक, म्हणजे पेडलची दांडी, ज्या आसाभोवती फिरते त्याच्या मध्यापर्यंतचं आडवं अंतर घेतात. सॅडल तेच असेल तर हे माप उत्तम. पण नव्या संघाचा सॅडल पुरवठादार वेगळा असतो. जुनं सॅडल २७५ मिमी लांब होतं आणि नवं आखूड टोकाचं, २४५ मिमी असेल, तर टोकाचं माप तंतोतंत जुळवूनही रायडर दोन-तीन सेंटिमीटर पुढे सरकून बसतो. म्हणून जाणता फिटर, म्हणजे सायकल शरीराला बेतून देणारा तज्ज्ञ, टोक सोडून देतो. सॅडलची रुंदी जिथे ८० मिमी भरते, तिथे पेन्सिलची खूण करतो आणि उंची, मागेपण, हँडलबारपर्यंतचं अंतर अशी सगळी मापं त्या खुणेपासून घेतो. टोक ही सॅडलची गोष्ट आहे, बसण्याची जागा ही शरीराची. माप न्यायचं ते शरीराचं.

पायाखालीही असंच. पेडलच्या आसापासून बुटाच्या तळव्यापर्यंतची जाडी प्रत्येक कंपनीची वेगळी. नव्या जोडीत ही जाडी ३ मिमी कमी झाली, तर पाय तेवढाच खाली जातो आणि सॅडलही ३ मिमी खाली घ्यावं लागतं. क्लीटचा, म्हणजे बुटाच्या तळाला लावलेल्या आणि पेडलमध्ये अडकणाऱ्या तुकड्याचा, मोकळेपणाही बघावा लागतो: शिमानो कंपनीची पिवळी क्लीट टाचेला ६ अंश हलू देते, निळी २ अंश, लाल शून्य. लुक या कंपनीची लाल क्लीट मात्र ९ अंशांची. नुसता रंग बघून क्लीट लावली की गुडघा गेलाच.

क्रँकची लांबी बदलली तर गणित जरा गुंतागुंतीचं होतं. अलीकडे आखूड क्रँककडे कल आहे. टूर द फ्रान्स विजेता तादेय पोगाचार १६५ मिमीची वापरतो. समजा १७० वरून १६५ वर आलो. सर्वांत खालच्या बिंदूला पाय तेवढाच सरळ व्हावा म्हणून सॅडल ५ मिमी वर न्यायचं. आता वरच्या बिंदूला पेडल ५ मिमी खाली आणि सॅडल ५ मिमी वर, म्हणजे मांडी पोटाकडे येताना १० मिमी जास्त जागा मिळते. वाकून बसणाऱ्याला हा फायदाच. पण सॅडल वर गेल्याने हँडलबार त्याच्या तुलनेत ५ मिमी खाली गेला, हे विसरलं की आठवड्याभरात मान आणि कंबर बोलायला लागते. हँडलबार धरून ठेवणाऱ्या स्टेमखाली ५ मिमीची चकती घातली की काम होतं.

सायकलची कंपनी तीच राहिली तरी सगळं सुटतं असं नाही. बेल्जियन रायडर रेम्को एव्हनेपूल सूडाल क्विक-स्टेप संघातून २०२६साठी रेड बुल-बोरा-हान्सग्रोहेत गेला. २०२५मध्ये हे दोन्ही संघ स्पेशलाइज्डच्याच सायकली चालवत होते, पण पहिल्याचे गिअर शिमानोचे, दुसऱ्याचे स्रॅमचे. शिमानोच्या नेहमीच्या मांडणीत मागचे गिअर उजव्या हाताच्या दोन बटणांवर आणि पुढचे डाव्या हातावर. स्रॅममध्ये उजवं बटण दाबलं की मागचा गिअर जड होतो, डावं दाबलं की हलका, आणि दोन्ही एकदम दाबली की साखळी पुढच्या एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर सरकते. चढ संपताना पुढच्या मोठ्या दातेरी चाकावर जायला सवयीने डावं बटण दाबलं, तर नव्या सायकलवर मागचा गिअर उलट हलका होतो आणि पाय पोकळीत फिरतात. पुढचा रायडर तेवढ्यात दोन सायकली पुढे गेलेला असतो. हूडचा, म्हणजे ब्रेकच्या दांडीवरच्या रबरी पकडीचा, आकारही वेगळा असल्याने हाताची पकड पुढे-मागे होते. त्यामुळे अंतर हँडलबारपर्यंत न मोजता हूडच्या खाचेपर्यंत मोजावं.

आता वॅट. क्रँकमध्ये किंवा पेडलमध्ये बसवलेल्या पॉवर मीटरात पातळ धातूच्या पट्ट्या असतात. जोर लावल्यावर धातू किंचित ताणला जातो, पट्टीचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, कळतो. टॉर्क गुणिले फिरण्याची गती म्हणजे शक्ती. चांगल्या मीटरची अचूकता अधिक-उणे १.५ टक्के धरली, तर ४०० वॅटला ६ वॅट इकडे किंवा तिकडे. जुना मीटर ६ ने जास्त आणि नवा ६ ने कमी दाखवत असेल, तर त्याच पायांत १२ वॅटचा फरक दिसतो. रायडर पडद्यावर ४०० गाठायला जातो आणि जुन्या मीटरच्या हिशेबाने ४१२ वॅट मारतो. सरावाच्या तिसऱ्या आवर्तनात पाय संपतात, प्रशिक्षकाला वाटतं फॉर्म गेला. फक्त डाव्या पायाचं मोजून दुप्पट करणारा मीटर असेल आणि डावा पाय ४८ टक्केच काम करत असेल, तर पडदा ९६ टक्केच दाखवणार. पेडल-मीटरमध्ये क्रँकची लांबी १६५ ऐवजी १७२.५ मिमी भरली गेली, की आकडा साडेचार टक्क्यांनी फुगतो.

तपासायची पद्धत साधी आहे. काट्यावर नीट तोललेलं २० किलोचं वजन आडव्या केलेल्या क्रँकच्या पेडलला टांगायचं. १७० मिमी क्रँकला टॉर्क ३३.४ न्यूटन-मीटर यायला हवा. त्याआधी सायकल अर्धा तास बाहेर ठेवून तापमान स्थिरावू द्यायचं आणि काहीच जोर नसताना मीटर शून्य दाखवेल असा लावून घ्यायचा. मग एकाच सायकलवर दोन मीटर, क्रँकचा नवा आणि रायडरचा जुना पेडलचा, बसवून १०० वॅटपासून ४०० पर्यंत टप्प्याटप्प्याने चालवायचं, आणि प्रत्येक टप्पा मिनिटाला ६० फेऱ्यांवर एकदा, १०० वर एकदा. दोन गतींचा आग्रह उगाच नाही. शून्यच चुकलेलं असेल, तर जोर कितीही लावा, टॉर्कमध्ये ठरावीक भर पडते. एक न्यूटन-मीटरची चूक ९० फेऱ्यांना ९.४ वॅट होते आणि गतीबरोबर वाढत जाते. मोजपट्टीच चुकलेली असेल, तर चूक जोराच्या टक्क्यांत वाढते. सरसकट ‘नवा मीटर तीन टक्के कमी’ असं मांडणं म्हणून धोक्याचं. आधी चूक कुठल्या जातीची ते बघावं.

टाइम ट्रायलच्या, म्हणजे घड्याळाविरुद्ध एकट्याने धावायच्या शर्यतीच्या, सायकलसाठी तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं. ताशी ५० किमीला हवा कापायला साधारण ३२० वॅट लागत असतील, तर हवेसमोरच्या प्रभावी क्षेत्रफळात ०.००५ चौरस मीटरची भर ८ वॅट खाते. नवं हेल्मेट आणि खांदे थोडे रुंदावले एवढ्यानेही ती पडू शकते.

एवढं करून एक सायकल झाली. रायडरला सरावाची वेगळी, शर्यतीची वेगळी आणि गाडीच्या टपावर राखीव अशा आणखी असतात. प्रत्येकीवर तीच खूण, तीच मापं. मापं जुळली तरी पहिल्या काही दिवसांत कार्बनचा सीटपोस्ट, म्हणजे सॅडलचा दांडा, दोन-तीन मिमी खाली सरकू शकतो, विशेषतः घट्ट करताना टॉर्क रेंच वापरला नसेल तर. मेकॅनिक त्यासाठी फ्रेमला लागूनच सीटपोस्टवर चिकटपट्टीचा एक वेढा देतात. सरावानंतर धुताना त्या पट्टीची कड चुरगळलेली दिसली, की टेप काढून उंची पुन्हा मोजायची.