चित्रही वाचावे लागते

भाषा येत नसेल तर चित्र काढून दाखवावे, असे आपण सहज म्हणतो. त्यामागे एक समजूत दडलेली असते, ती ही की अक्षरे शिकावी लागतात, चित्र मात्र पाहताक्षणी कळते. ऑस्ट्रियाचे समाजशास्त्रज्ञ ऑटो न्यूराथ यांचीही चित्रांवर मोठी श्रद्धा होती. व्हिएन्नामध्ये १९२० च्या दशकात त्यांनी आकडेवारी चित्रांतून मांडणारी पद्धत विकसित केली, जी पुढे ‘आयसोटाइप’ या नावाने ओळखली गेली. पण श्रद्धा असली तरी नियमांच्या बाबतीत ते काटेकोर होते. लोकसंख्या दुप्पट झाली हे दाखवायचे असेल तर माणसाची आकृती दुप्पट मोठी काढायची नाही, तेवढ्याच आकाराच्या दोन आकृत्या शेजारी शेजारी मांडायच्या. कारण उघड आहे. आकृतीची उंची दुप्पट केली की प्रमाण राखण्यासाठी रुंदीही दुप्पट होते, क्षेत्रफळ चौपट होते आणि पाहणाऱ्याच्या मनावर त्या चौपटीचा ठसा उमटतो. आकडा खरा असूनही चित्र खोटे बोलते, आणि ही चूक आजही छापील तक्त्यांत सर्रास दिसते.

पाहणाऱ्याचा डोळाही कॅमेऱ्यासारखा सगळे एकदम टिपत नाही. दृष्टिपटलाच्या मध्यभागी सर्वांत स्पष्ट दिसण्याचा जो भाग आहे, त्यात दृश्याचा जेमतेम दोन अंशांचा तुकडा मावतो. म्हणूनच नजर सेकंदाला तीन-चार उड्या घेत चित्रावर फिरते. सोव्हिएत शास्त्रज्ञ आल्फ्रेड यारबुस यांनी या उड्यांची नोंद घेतली. इल्या रेपिन यांच्या चित्रात एक माणूस अनपेक्षितपणे घरात शिरतो आहे. यारबुस यांनी ते चित्र एकाच व्यक्तीला वेगवेगळे प्रश्न विचारून दाखवले. चित्रातील माणसांची वये विचारली की नजर चेहऱ्यांवर घुटमळे. कुटुंबाची सांपत्तिक स्थिती विचारली की ती कपड्यांकडे आणि सामानाकडे वळे. चित्र तेच, पण वाचन निराळे. पानावर छायाचित्र टाकताना शेजारच्या मथळ्याचा विचार करावा लागतो तो यामुळेच, कारण मथळाही एक प्रकारे प्रश्नच विचारत असतो.

चित्र न कळण्याची किंमत किती असू शकते, हे किरणोत्साराच्या चिन्हाने दाखवून दिले. मध्ये एक ठिपका आणि भोवती तीन पाती असलेले हे चिन्ह १९४६ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कले येथे तयार झाले. जाणकारांच्या जगात ते उत्तम चालले. पण ज्याने त्याचा अर्थ कधी ऐकलेला नाही, त्याला ती पात्यांची आकृती पंख्याची वाटली तर नवल नाही. थायलंडमधील समुत प्राकान येथे २००० साली भंगारात गेलेले कोबाल्ट-६० या किरणोत्सारी पदार्थाचे उपकरण उघडले गेले आणि किरणोत्साराने तीन जणांचा मृत्यू झाला. चिन्ह उपकरणावर होते. हाताळणाऱ्यांना त्याचा अर्थ ठाऊक नव्हता.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने आणि आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २००७ मध्ये नवे चिन्ह जाहीर केले. लाल त्रिकोणात वर जुनी तीन पाती, त्यांतून खाली येणाऱ्या लहरी, खाली कवटी आणि बाण दाखवतो त्या दिशेने पळणारा माणूस. रेखाटनकाराच्या दृष्टीने पाहिले तर ही आकृती गजबजलेलीच म्हणावी लागेल. एरवी अशा गर्दीला कोणी सुबक म्हणणार नाही. मात्र तिची निवड सुबकतेवर झालेली नव्हती. ११ देशांतील १,६५० लोकांना ती दाखवून, त्यांना काय समजते हे तपासून ती पक्की केली गेली. पात्यांचा अर्थ ठाऊक नसला तरी कवटी आणि पळणारा माणूस मिळून ‘इथून दूर जा’ एवढे सांगतात.

जुने चिन्ह मात्र रद्द झाले नाही. दारांवर, वाहनांवर आणि पेट्यांवर ते अजूनही असते, कारण तेथे ते वाचणारे बहुधा प्रशिक्षित असतात. नव्या चिन्हाची जागा उपकरणाच्या आवरणाच्या आत, प्रत्यक्ष किरणोत्सारी स्रोताजवळ आहे. नेहमीच्या वापरात ते कोणालाच दिसत नाही. ते दिसते ते फक्त उपकरण खोलू पाहणाऱ्याला.