घरातला राउटर नेमका कोणाचा? कोकणातील फायबर जोडण्यांची पार्श्वभूमी

कोकणातल्या चिरेबंदी घरात फायबरची तार बहुधा पडवीतून आत येते आणि कंपनीचा राउटरचा डबाही तिथेच भिंतीला ठोकला जातो. जांभ्याच्या जाड भिंतींपुढे ५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय पहिल्याच खोलीत दम सोडते, २.४ गिगाहर्ट्झचे माजघरापर्यंत कसेबसे पोचते, आणि मागच्या खोलीत बसून पुण्या-मुंबईची नोकरी करणाऱ्याला स्वतःचा, जरा बऱ्या ताकदीचा राउटर आणावासा वाटतो. तो आणल्यावर लक्षात येते की डब्याच्या सेटिंगचे मुख्य पान उघडणारा पासवर्ड आपल्याला दिलेलाच नाही; जो दिला आहे त्याने वाय-फायचे नाव आणि पासवर्ड एवढेच बदलता येतात, डीएनएसचा (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा) रकाना करडा पडलेला असतो, आणि ब्रिज मोडविषयी, म्हणजे डब्याने नुसती जोडणी पुढे द्यावी आणि राउटरचे काम आपल्या यंत्राने करावे यासाठी, विचारले तर ग्राहकसेवेकडून ‘एकदा रिस्टार्ट करून बघा’ असे उत्तर मिळते. या तक्रारीचे मूळ राउटरपेक्षा बरेच जुने आहे. सेवा देणाऱ्याचे जाळे कुठे संपते आणि ग्राहकाचे घर कुठे सुरू होते, हा वाद टेलिफोनच्या काळापासून चालत आलेला आहे, आणि आपल्याकडे तो कधी रीतसर मिटवलाच गेला नाही.

भारतीय तार अधिनियम १८८५ चा. त्या कायद्याच्या छायेखाली वाढलेल्या टेलिफोन व्यवस्थेत तारेइतकेच यंत्रही सरकारी टेलिफोन खात्याचे असे. घराघरांतला तो काळा, डायल फिरवायचा फोन इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजने बनवलेला आणि खात्याने बसवलेला. १९८४ मध्ये ग्राहकाच्या घरातली टेलिफोन उपकरणे बनवायला खासगी कारखानदारांना परवानगी मिळाली, बाजारात बटणांचे आणि पुढे बिनतारी हँडसेटचे फोन आले, आणि लोक ते बिनदिक्कत भिंतीवरच्या रोझेटमध्ये खोचू लागले. अमेरिकेत हेच स्वातंत्र्य भांडून मिळाले होते. बोलणे बाजूच्याला ऐकू जाऊ नये म्हणून फोनच्या तोंडाशी बसवायची ‘हश-अ-फोन’ नावाची एक साधी वाटी तिथल्या टेलिफोन कंपनीला खपली नाही. १९५६ मध्ये न्यायालयाने वाटीच्या बाजूने कौल दिला. पुढे १९६८ च्या ‘कार्टरफोन’ निर्णयात, जाळ्याला अपाय होत नसेल तर ग्राहकाने आपले उपकरण जोडायला कंपनीची आडकाठी चालणार नाही, असे तत्त्व ठरले, आणि १९७० च्या दशकात त्याला उपकरणांच्या नोंदणीच्या नियमांची जोड मिळाली. आपल्याकडे मात्र हे स्वातंत्र्य कारखानदारीच्या धोरणाच्या पोटातून आले, त्यामुळे ते सवयीचे झाले, पण ग्राहकाचा हक्क म्हणून कुठे लिहिले गेले नाही. पुढचे बरेचसे दुखणे या एका फरकातून निघालेले आहे, असे माझे मत आहे.

ही सवय ब्रॉडबँडच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत छान टिकली. ऑक्टोबर २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान वेग २५६ किलोबिट ठरवला आणि जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमने त्याच तांब्याच्या तारांवरून एडीएसएल सेवा सुरू केली. निगमचा मोडेम भाड्याने किंवा विकत मिळे, पण तोच घेतला पाहिजे अशी सक्ती नव्हती. चिपळुणात किंवा कुडाळात एखाद्या संगणकाच्या दुकानातून मोडेम आणायचा, व्हीपीआयच्या रकान्यात ० आणि व्हीसीआयच्या रकान्यात ३५ भरायचे, पीपीपीओईचे, म्हणजे जोडणीच्या लॉगिनचे, नाव-पासवर्ड घालायचे, की जोडणी सुरू. कोकणात तर याची गरज वारंवार पडे, कारण मे महिन्याच्या अखेरीस वळवाबरोबर गडगडाट सुरू झाला की विजेचा लोंढा तांब्याच्या तारेतून सरळ घरात येई आणि मोडेम जळे. आभाळ भरून आले की आधी फोनची तार उपटायची, हे घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक असे. काचेचा धागा वीज वाहून नेत नाही, त्यामुळे फायबर आल्यावर त्या वाटेने येणारे भय गेले; पण मोडेम आपण निवडण्याचा आणि आपण बदलण्याचा परिपाठही त्याच्याच पाठोपाठ गेला.

डबा कुलूपबंद करण्यामागे कंपन्यांची कारणे अगदीच पोकळ नाहीत, हे इथे सांगायला हवे. दुरून मोडेम सांभाळण्याची टीआर-०६९ ही पद्धत २००४ मध्ये प्रमाणित झाली. तिच्यामुळे लाइनमन न पाठवता कार्यालयातून सेटिंग दुरुस्त करता येते आणि फर्मवेअर (यंत्राच्या आतले सॉफ्टवेअर) बदलता येते. याच दरवाजाचा गैरफायदा घेऊन नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत सुमारे ९ लाख ग्राहकांचे राउटर बंद पाडले गेले. जुलै २०१७ मध्ये आपल्याकडे भारत संचार निगमच्या हजारो मोडेमना मालवेअरने ग्रासले. ज्यांचा मूळचा ‘अ‍ॅडमिन’ पासवर्ड कोणी कधी बदललाच नव्हता असे ते मोडेम होते. यावर प्रत्येक डब्याला वेगळा पासवर्ड देऊन तो ग्राहकाच्या हाती ठेवणे हा एक उपाय होता, आणि ग्राहकालाच बाहेर ठेवणे हा दुसरा. पुष्कळ ठिकाणी दुसरा स्वीकारला गेला.

तरीही खरी सीमारेषा हलली ती फायबरच्या रचनेमुळे. २००३ मध्ये प्रमाणित झालेल्या जीपॉन पद्धतीत एक्स्चेंजमधून निघालेला एकच धागा स्प्लिटरने फोडून ३२ किंवा ६४ घरांना वाटतात. येताना सुमारे २.५ गिगाबिट आणि जाताना सुमारे १.२५ गिगाबिट एवढी क्षमता सगळ्यांत मिळून वापरायची असते. जाताना प्रत्येक घरातल्या ओएनटीने (फायबरच्या टोकाला बसणाऱ्या यंत्राने) आपल्याला नेमून दिलेल्या क्षणीच प्रकाश सोडायचा; दरड कोसळून घाटात एकेरी वाहतूक सुरू असताना बावटा नसताना एखाद्याने गाडी घुसवली की दोन्हीकडची रांग अडते, तसाच एखादा बिघडलेला ओएनटी वेळी-अवेळी प्रकाश सोडू लागला की त्या धाग्यावरच्या सगळ्या वाडीचे इंटरनेट आडवे होते. म्हणून एक्स्चेंजमधले यंत्र अनोळखी ओएनटीला दारात उभे करत नाही. डब्याच्या पाठीवरच्या लेबलावर बनवणाऱ्याची चार अक्षरे आणि पुढे आठ आकडे-अक्षरे असा जो क्रमांक असतो, तो आधी पलीकडे नोंदवलेला असावा लागतो. एडीएसएलच्या काळात ग्राहकाची ओळख नाव-पासवर्डने पटत होती. इथे आधी यंत्राची ओळख पटावी लागते.

एवढ्यावरून ओएनटी कंपनीचाच असावा, हे एक वेळ मान्य करता येईल. पण प्रत्यक्षात ओएनटी, राउटर, वाय-फाय आणि फोनचा जॅक हे सगळे एकाच डब्यात घातले गेले, आणि प्रकाशाच्या शिस्तीसाठी लावलेले कुलूप आपोआप घरातल्या वाय-फायलाही लागले. लँडलाइनची एसआयपीची माहिती (इंटरनेटवरून फोन चालवण्याची सेटिंग) आणि व्हीलॅनचा क्रमांक (एकाच तारेवरच्या सेवा वेगळ्या ठेवणारा आकडा) डब्यात लपवलेला असल्याने दुसरे यंत्र लावले की फोन मुका होतो. आपला राउटर कंपनीच्या डब्यामागे तसाच जोडला तर आयपी पत्त्यांचे (इंटरनेटवरच्या यंत्रांच्या क्रमांकांचे) खासगीतून सार्वजनिकात भाषांतर दोनदा होते. अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे फक्त वाय-फाय पसरवण्यापुरता, लावला तर वाय-फाय सुधारते, पण लगाम डब्याच्याच हाती राहतो.

त्यात जुन्या पद्धतीच्या आयपी पत्त्यांची टंचाई आली. आशिया-पॅसिफिक विभागाचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या, राखून वाटायच्या गटापर्यंत आला, आणि अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवण्याची सीजीनॅटची रीत रुळली. देवगडच्या आंबा बागायतदाराने हंगामात बागेत कॅमेरा लावला आणि तो मुंबईहून थेट पाहायचा ठरवला, तर राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत येण्याची वाट) उघडूनही काही उपयोग होत नाही, कारण त्याचा राउटरच खासगी पत्त्यावर बसलेला असतो. मग कॅमेरा कंपनीच्या क्लाउडचे वर्षाचे पैसे भरा, नाहीतर स्थिर पत्त्याचे वेगळे शुल्क द्या. स्वतःचे यंत्र असूनही ही अडचण सुटत नाही, हे त्या भरात पुष्कळ जण विसरतात.

युरोपने या वादात घाव घातला तो सीमारेषेवरच. २०१५ च्या नियमाने ग्राहकाला आपल्या पसंतीचे अंत्य उपकरण (तारेच्या टोकाला लावायचे यंत्र) वापरण्याचा हक्क दिला; जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून राउटरची सक्ती कायद्यानेच संपली आणि इटलीच्या नियामकाने २०१८ मध्ये तोच मार्ग धरला. जाळे नेमके कुठे संपते हे ठरवण्यासाठी युरोपीय नियामकांच्या मंडळाने २०२० मध्ये तीन शक्यता मांडल्या: भिंतीतल्या खोबणीशी, मोडेमच्या पलीकडे, किंवा राउटरच्याही पलीकडे. अमेरिकेत २०१९ च्या कायद्याने, ग्राहक स्वतःचे उपकरण वापरत असताना कंपनीने उपकरणाचे भाडे लावण्यास मनाई केली.

भारतात नेट न्यूट्रॅलिटीची (इंटरनेटवरच्या सगळ्या वाहतुकीला समान वागणूक देण्याची) तत्त्वे २०१८ मध्ये सरकारने स्वीकारली, पण त्यांचा रोख तारेतून काय वाहते यावर आहे. तारेच्या टोकाला काय लावायचे, यावर नाही. सेट-टॉप बॉक्स कोणत्याही कंपनीच्या सेवेवर चालावा अशी शिफारस दूरसंचार नियामक ट्रायने एप्रिल २०२० मध्ये केली. राउटरच्या वाट्याला तेवढेही आले नाही. गंमत अशी की २०१७ च्या नियमांनी दूरसंचार उपकरणांची सरकारी चाचणी आणि प्रमाणपत्र सक्तीचे केले, २०१९ पासून ते टप्प्याटप्प्याने लागू झाले आणि जीपॉनसारखी पॉन प्रकारची उपकरणेही त्यात आली. अमेरिकेत नोंदणी झालेले यंत्र जोडू देणे कंपनीला भाग होते, कारण अपाय होत नाही याची खात्री नोंदणीतच होती. आपल्याकडे खात्रीची यंत्रणा उभी राहिली, तिच्या बदल्यात ग्राहकाला मिळायचा हक्क तेवढा मागे राहिला. १८८५ चा कायदा मागे सारणारा २०२३ चा दूरसंचार अधिनियमही उपकरणांच्या मानकांचे अधिकार सरकारला देतो, पण निवडीचा हक्क ग्राहकाला देत नाही.

परिणामी किनारपट्टीवर हा प्रश्न कायद्याने नव्हे, तर जोडणी देणाऱ्या माणसाच्या मर्जीने सुटतो. भारत संचार निगमचे फायबर गावोगावी स्थानिक भागीदार चालवतात, आणि त्यांतले बरेचसे पूर्वीचे केबलवाले आहेत. असा भागीदार राजी असेल तर ग्राहकाने विकत आणलेल्या ओएनटीचा क्रमांक नोंदवून देतो, किंवा आपला डबा ब्रिज मोडमध्ये टाकून पीपीपीओईचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देतो. मोठ्या खासगी कंपनीचा तंत्रज्ञ मनात असूनही बहुधा ते करू शकत नाही, कारण त्याच्या हातातल्या अ‍ॅपमध्ये तो पर्यायच नसतो. मालवण-तारकर्लीकडच्या घरगुती निवासांच्या मालकांनी आता तार ओढण्याआधीच ब्रिज मोडची विचारणा करावी हे उत्तम, कारण अनामत भरून डबा भिंतीला लागल्यानंतर त्या विनंतीला फारसे वजन उरत नाही.