पाण्यावर पाण्याचं झाकण

हेन्री एलिस या इंग्रज कप्तानाने १७५१ च्या सुरुवातीला शास्त्रज्ञ स्टीफन हेल्स यांना लिहिलेलं पत्र खोल समुद्राच्या तापमानाबद्दलच्या पहिल्यावहिल्या नोंदींपैकी आहे. एलिसकडे हेल्स यांची बादली होती. तिला वर आणि खाली झडपा. बादली बुडताना झडपा उघड्या राहून पाणी आरपार जाई. वर ओढू लागलं की झडपा मिटत आणि त्या खोलीचं पाणी आत अडके. आत थर्मामीटर. अटलांटिकमध्ये, २५ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास, वरचं पाणी ८४ अंश फॅरनहाइट निघालं, तर ३,९०० फुटांवरचं ५३. पुढे ५,३४६ फुटांपर्यंत बादली सोडली तरी पारा आणखी उतरेना. हे गार पाणी एलिसने अंघोळीला आणि वाइन थंड करायला वापरलं. जहाज गुलामांच्या व्यापाराचं होतं, हे मात्र अशा गोष्टी सांगताना सहसा गाळलं जातं.

इतक्या उष्ण पट्ट्यात खाली गार पाणी येतं ते ध्रुवांकडून, असं शास्त्रज्ञ काउंट रम्फर्ड यांनी १७९७ मध्ये मांडलं. गार खारं पाणी जड होऊन बुडतं आणि तळातळाने सरकत राहतं. गोडं पाणी मात्र ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं. त्याहून गार झालं की पुन्हा हलकं होतं. म्हणून तळी वरून गोठतात.

वर हलकं आणि खाली जड पाणी, अशा थरांचा जिवांशी काय संबंध, हे उलगडायला आणखी शंभर वर्षं गेली. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या मेंडोटा तलावात एडवर्ड बर्ज हे प्राणिशास्त्रज्ञ सूक्ष्म कवचधारी जीव मोजत होते. उन्हाळ्यात ठरावीक खोलीखाली ते जवळपास मिळेनातच. वर कोमट पाणी, खाली गार, आणि मधल्या काही मीटरांत तापमान झपाट्याने उतरलेलं. या पट्ट्याला बर्ज यांनी १८९७ च्या सुमारास ‘थर्मोक्लाइन’ म्हटलं. वारा वरचं पाणी घुसळतो, पण खालचं जड पाणी उचलण्याइतका जोर त्याच्यात नसतो. मग तळाच्या कुजण्यात ऑक्सिजन संपला, की नवा खाली पोचत नाही. बर्ज आणि चॅन्सी जूडे यांनी १९११ मध्ये तलावांतल्या विरघळलेल्या वायूंची मोजमापं प्रसिद्ध केली, तेव्हा हे नीट स्पष्ट झालं.

ही थंड देशांचीच गोष्ट, असं समजायचं कारण नाही. गोडं पाणी ४ वरून ५ अंशांवर जाताना घनता जेवढी घटते, त्याच्या सुमारे ३० पट ती २४ वरून २५ वर जाताना घटते. म्हणून आपल्याकडच्या कोमट पाण्यात दोन-तीन अंशांचा फरकही थर टिकवायला पुरतो.

गोव्याच्या किनाऱ्यावर तापमानाच्या जोडीला मीठही येतं. पावसाळ्यात खोलातलं गार, ऑक्सिजन कमी असलेलं पाणी किनाऱ्याकडे वर चढतं. त्याच्यावर पावसाचं आणि नद्यांचं कमी खारं पाणी पातळ थर धरून बसतं. वरचं प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, मरून खाली जातं, कुजतं आणि उरलासुरला ऑक्सिजन संपवतं. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवलं, की पश्चिम किनाऱ्यालगत अशा पाण्यात सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडही तयार होतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात हे टोकाला जातं. पुढे प्रवाहाची दिशा उलटली, की ते पाणी किनाऱ्यापासून मागे हटतं.