नोंदणीकृत पदवीधर: सिनेटच्या वादामागची दीडशे वर्षं

"अहो, मी जूनमध्येच मत दिलं की. आता परत कसली पदवीधर निवडणूक?" सप्टेंबर २०२४ मध्ये ऑफिसातल्या एका बाईंनी मला विचारलं. मुंबई विद्यापीठाच्या सिनेटच्या, म्हणजे विद्यापीठाच्या कारभारात भाग घेणाऱ्या प्रतिनिधींच्या सभेच्या, निवडणुकीच्या बातम्यांनी तेव्हा पेपर भरले होते. बाई बी.कॉम., पदवी याच विद्यापीठाची. जूनमध्ये त्यांनी मत दिलं होतं ते विधान परिषदेच्या मुंबई पदवीधर मतदारसंघात. सिनेटच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं, आणि ते असायला हवं होतं किंवा असू शकलं असतं, हे त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

गोंधळाचं मूळ या एका शब्दात आहे. 'पदवीधर मतदारसंघ' नावाच्या दोन वेगळ्या गोष्टी आपल्याकडे आहेत. विधान परिषदेतला मतदारसंघ राज्यघटनेच्या कलम १७१ मधून आला. तिथे पदवी देशातल्या कुठल्याही विद्यापीठाची चालते, ती मिळून तीन वर्षं झालेली असावी लागतात आणि राहण्याचा पत्ता त्या मतदारसंघातला लागतो. सिनेटचं उलट आहे. तिथे पदवी त्याच विद्यापीठाची हवी, आणि नुसती पदवी पुरत नाही. अर्ज करून, शुल्क भरून विद्यापीठाच्या पदवीधर नोंदवहीत नाव घालावं लागतं. तेव्हा कुठे माणूस 'नोंदणीकृत पदवीधर' होतो. पुढचे सगळे वाद या 'नोंदणीकृत' शब्दाभोवती फिरतात.

मुंबई विद्यापीठ १८५७ चं, लंडन विद्यापीठाच्या धर्तीवरचं. परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या, शिकवायचं काम महाविद्यालयांचं. १८६२ मध्ये बी.ए.ची पहिली तुकडी बाहेर पडली, चार जणांची. त्यांतले एक पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, दुसरे संस्कृतचे पंडित आणि याच विद्यापीठाचे कुलगुरू. म्हणजे महादेव गोविंद रानडे आणि रा. गो. भांडारकर. ही मंडळी विद्यापीठाच्या कारभारात आली ती मात्र निवडून नव्हे, नेमणुकीनं. सिनेट फेलोंची, म्हणजे नेमलेल्या सदस्यांची होती, फेलो सरकार नेमत असे आणि नेमणूक तहहयात असे.

'रजिस्टर्ड ग्रॅज्युएट' हा शब्द कायद्यात ठळकपणे आला तो १९०४ च्या युनिव्हर्सिटीज अ‍ॅक्टमधून. कर्झनचा हा कायदा आपल्याकडे सरकारी पकड घट्ट करणारा म्हणूनच लक्षात राहिला आणि ते बरोबरच आहे. फेलोंची संख्या जास्तीत जास्त शंभरावर आणली, मुदत तहहयातवरून पाच वर्षांवर आणली आणि बहुतेक नेमणुका सरकारच्याच हातात ठेवल्या. व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलातल्या भारतीय सदस्यांनी त्याला कडाडून विरोध केला. पण त्याच कायद्यानं मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तीन जुन्या विद्यापीठांत २० जागा निवडणुकीनं भरायची सोय केली आणि पदवीधरांची नोंदवही ठेवायची तरतूदही केली. नोंदवहीत नाव कोणाचं? मास्टर किंवा डॉक्टर ही पदवी घेतलेल्याचं, किंवा पदवी मिळून किमान दहा वर्षं झालेल्याचं. वर शुल्क. म्हणजे पदवी विद्यापीठानं द्यायची, आणि आपण विद्यापीठाचे आहोत हे पुन्हा पैसे भरून पदवीधरानंच सिद्ध करायचं. वर्षांची अट सैल झाली, कायदे बदलले, पण अर्ज आणि शुल्काची ही घडी काही मोडली नाही.

१९२८ च्या कायद्यानं निवडून येणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ वेगळं झालं. १९७४ मध्ये आणखी एक कायदा आला. हे सगळं भराभर सांगतो आहे, कारण आजच्या भांडणाचा धागा १९९४ पासून हाताला लागतो.

१९९४ चा महाराष्ट्र विद्यापीठ कायदा राज्यातल्या विद्यापीठांना एका साच्यात बसवणारा होता. कागदावर सिनेट म्हणजे 'अधिसभा', बोलण्यात मात्र ती सिनेटच राहिली. याच कायद्यानं विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका संपवल्या. त्याआधी, १९८९ मध्ये, मुंबईत एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला होता. महाविद्यालयीन निवडणुकांतल्या मारामाऱ्या आणि बाहेरच्या पक्षांचा पैसा यांचा लोकांना वीट आला होता. उपाय निघाला तो असा की वर्गप्रतिनिधी गुणांवर ठरवायचा. वर्गात पहिला आला म्हणून प्रतिनिधी झालेल्या मुलाला वर्गातल्या इतरांनी निवडलेलं नसे, आणि बऱ्याचदा त्याला स्वतःलाही ते पद नको असे. मी त्याच काळात महाविद्यालयात होतो. आमच्या वर्गाचा प्रतिनिधी कोण हे आम्हाला सूचनाफलकावर कळलं, आणि त्यालाही तिथेच.

थेट विद्यार्थी निवडणुका गेल्या आणि पदवीधर मतदारसंघाला नवी किंमत आली, हे माझं मत आहे. पक्षांच्या विद्यार्थी आणि युवक संघटनांना विद्यापीठात शिरायचं दार हवं होतं. कँपसवरचं दार बंद झाल्यावर पदवीधरांचं उघडं राहिलं. उमेदवार पंचविशीतला किंवा तिशीतला, पक्षाच्या युवा शाखेचा पदाधिकारी आणि मतदार म्हणजे कार्यकर्त्यांनी गोळा केलेल्या अर्जांमधली नावं. अर्ज गोळा करणं हीच खरी निवडणूक होऊन बसली. महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर टेबल, टेबलावर कोऱ्या अर्जांचा गठ्ठा, स्टेपलर, डिंकाची बाटली. गुणपत्रिकेची नाहीतर पदवी प्रमाणपत्राची झेरॉक्स आणि फोटो आणा, बाकीचं आम्ही भरतो. हे दृश्य ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना निकालाचं फारसं आश्चर्य वाटत नाही. जो नोंदणी करतो तो जिंकतो.

सध्याचा कायदा २०१६ चा, महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, मार्च २०१७ पासून लागू. त्यात नोंदणीकृत पदवीधरांतून सिनेटवर दहा जण जातात: पाच खुल्या जागा, आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांच्यासाठी प्रत्येकी एक. मत पसंतीक्रमानं द्यायचं असतं, त्यामुळे मोजणी फेऱ्याफेऱ्यांनी रात्र-रात्र चालते. मुंबईत २०१८ मध्ये या कायद्याखालची पहिली निवडणूक झाली आणि दहाच्या दहा जागा एकाच पक्षाच्या युवा संघटनेनं जिंकल्या. त्या सिनेटची मुदत २०२२ मध्ये संपली.

इथून पुढचा भाग मी सविस्तर सांगणार आहे.

मुदत संपून वर्ष होत आलं तेव्हा, ऑगस्ट २०२३ मध्ये, निवडणूक जाहीर झाली. मतदानाची तारीख १० सप्टेंबर. यादीत ९० हजारांहून अधिक नावं होती. जाहीर करून जेमतेम आठवडा झाला आणि १७ ऑगस्टला रात्री निवडणूक स्थगित झाली. कारण सांगितलं गेलं यादीतल्या दुबार नावांच्या तक्रारीचं.

दुबार नावं असणार, यात शंका नाही. एकाच माणसाची बी.ए. आणि एलएल.बी. अशी दोन पदव्यांवर नोंद होऊ शकते. लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव, वडिलांचं नाव आधी की आडनाव आधी, अशी एकाच बाईची तीन रूपं यादीत सापडू शकतात. दोन संघटनांच्या कार्यकर्त्यांनी एकाच माणसाकडून दोन अर्ज भरून घेतलेले असू शकतात. अशी यादी साफ करायलाच हवी. प्रश्न होता कशी. दुबार नाव शोधून एक कापायचं, हरकती मागवायच्या, पुरवणी यादी काढायची, हा एक मार्ग. सगळी नोंदणी नव्यानं करायची, हा दुसरा. विद्यापीठानं दुसरा निवडला.

माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला निर्णायक क्षण हा होता, आणि त्याची चर्चा मात्र कमीत कमी झाली. स्थगितीवर आरडाओरडा झाला, मोर्चे निघाले, कोर्टबाजी झाली. पण पूर्वी रीतसर अर्ज करून, शुल्क भरून यादीत आलेल्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावणं योग्य होतं का, हा प्रश्न मागे पडला. नव्या नोंदणीच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं असं की जुनी यादी दुरुस्तीच्या पलीकडे गेली होती आणि नवी नोंदणी सगळ्यांना सारखीच खुली होती. खुली होती हे खरं. पण ज्यानं एकदा अर्ज केला होता तो आपलं नाव आहेच असं समजून घरी बसला. त्याला पुन्हा उठवायला कोण जाणार? ज्याच्याकडे टेबलं आणि कार्यकर्ते आहेत, तोच. यादी साफ करायच्या नादात बिनपक्षी, आपणहून नोंदणी केलेला पदवीधर सगळ्यात आधी गळतो.

छाननीनंतर अंतिम यादीत १३,४०६ नावं उरली. जून २०२४ मध्ये विधान परिषदेच्या मुंबई पदवीधर मतदारसंघात लाखाच्या वर मतदार होते. विद्यापीठाचं क्षेत्र तर मुंबईपुरतं नाही, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गही त्यात येतात. दोन्ही याद्यांचे निकष वेगळे आहेत, तुलना तंतोतंत होत नाही, हे मान्य. तरीही दरवर्षी लाखाच्या हिशेबात पदव्या देणाऱ्या विद्यापीठाच्या नोंदवहीत तेरा हजार पदवीधर असावेत, हे मनाला लागतं.

या छोट्या यादीवरची निवडणूकही सुखासुखी झाली नाही. मतदान रविवारी, २२ सप्टेंबर २०२४ ला होणार होतं. त्याच्या दोन दिवस आधी राज्य सरकारच्या पत्राचा आधार घेऊन ते पुन्हा स्थगित झालं. तक्रार परत यादीचीच. उमेदवार उच्च न्यायालयात गेले, शनिवारी सुनावणी झाली, न्यायालयानं स्थगितीच्या निर्णयाला स्थगिती दिली आणि अखेर २४ सप्टेंबरला मतदान झालं. दहाच्या दहा जागा पुन्हा त्याच संघटनेला गेल्या. नवी यादी, लहान यादी, दोनदा लांबणी, आणि निकाल २०१८ चाच.

पदवीधरांच्या या गदारोळात बाकीचे दोन घटक झाकले जातात. शिक्षकांनाही सिनेटवर दहा जागा आहेत, पण कायद्याच्या लेखी शिक्षक म्हणजे पूर्णवेळ आणि मान्यताप्राप्त. तासिका तत्त्वावर, म्हणजे बोलीत सीएचबीवर, शिकवणारे त्यात येत नाहीत. पूर्णवेळ भरती रखडत गेली तशी अनेक महाविद्यालयांत निम्मे-अधिक तास हीच मंडळी घेऊ लागली. पेपर तीच तपासतात, परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून तीच उभी राहतात. विद्यापीठाच्या बातमीत 'प्राध्यापकांचे प्रतिनिधी' असं वाचताना हे लक्षात असावं.

विद्यार्थ्यांचं म्हणाल तर २०१६ च्या कायद्यानं खुल्या निवडणुका परत आणल्या. मधल्या काळात, २००६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थी निवडणुकांबाबतच्या समितीच्या शिफारशी मान्य केल्या होत्या. खर्चावर मर्यादा, वयाची अट, हजेरीची अट असं सगळं त्यात होतं, म्हणजे १९८९ च्या भीतीवरचा उतारा तयार होता. महाराष्ट्रात २०१९ मध्ये वेळापत्रकही निघालं, पण विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर ते पुढे ढकललं गेलं. त्यानंतर करोना आला. कायद्यात विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव सिनेटचे सदस्य आहेत. परिषदच निवडून आली नाही तर त्या खुर्च्यांवर बसणार कोण?

नोंदवहीत आता एक नवी गुंतागुंत शिरली आहे, आणि पुढच्या वेळी ती डोकं वर काढेल असं मला वाटतं. १८६२ च्या त्या पहिल्या तुकडीचं एल्फिन्स्टन महाविद्यालय २०१९ पासून दुसऱ्या, काही महाविद्यालयं एकत्र करून झालेल्या समूह विद्यापीठाचा भाग आहे. इमारत तीच, वर्ग तेच. पण तिथून आता बाहेर पडणाऱ्या मुलाच्या पदवीवर मुंबई विद्यापीठाचं नाव नसतं. त्यामुळे त्याला या नोंदवहीत जागा नाही. त्याच बाकावर काही वर्षं आधी बसलेल्या त्याच्या बहिणीला मात्र ती आहे, तिनं अर्ज भरला असेल तर.