पुण्याचा फ्लू पावसात येतो

फ्लूची लस दिवाळीच्या सुमारास घ्यावी, असा सल्ला इंटरनेटवर सहज सापडतो. लंडनसाठी तो बरोबर आहे. पुण्यात मात्र फ्लूची मोठी लाट येते जुलै ते सप्टेंबरात, म्हणजे पालख्या शहरातून पुढे गेल्या की गणपती विसर्जनापर्यंत. जानेवारी ते मार्च या काळात आणखी एक लाट येते, बहुतेक वेळा लहान. श्रीनगरला फ्लू भर थंडीत येतो, तर चेन्नईला परतीच्या मोसमी पावसाबरोबर ऑक्टोबर-नोव्हेंबरात. देश एक, वेळापत्रकं तीन.

थंड, कोरड्या हवेत फ्लूचे सूक्ष्म थेंब जास्त वेळ तग धरतात, हे जुनं उत्तर आपल्या दमट जुलैला लागू पडत नाही. न्यूयॉर्कमध्ये गिनिपिगांवर झालेल्या प्रयोगांतून थोडा उलगडा होतो. २० अंश तापमान आणि कोरडी हवा असताना शेजारच्या पिंजऱ्यातल्या प्राण्याला हवेतून फ्लू होत होता. ३० अंशांना ते थांबलं. पण त्याच ३० अंशांना एकाच पिंजऱ्यात ठेवलेल्या प्राण्यांना लागण होतच राहिली. उष्ण प्रदेशात जवळचा सहवास किती महत्त्वाचा, याचा हा पुरावा. काचा लावलेली पीएमपीची बस आणि खिडक्या मिटलेला शाळेचा वर्ग ही आपली एकत्र पिंजऱ्याची सोय. त्यात पावसाळ्यात विषाणू मारणारं ऊनही कमी.

या विषाणूची जनुकीय सामग्री आरएनएच्या आठ सुट्या तुकड्यांत असते, सगळी मिळून सुमारे १३,५०० अक्षरं. नक्कल करणाऱ्या त्याच्या विकराला मुद्रितशोधन ठाऊक नाही, त्यामुळे चुका राहून जातात. पृष्ठभागावरच्या हिमॅग्लुटिनिन प्रथिनाच्या टोकावर चूक झाली, तर गेल्या वर्षीची प्रतिपिंडं तिथे नीट बसत नाहीत. फ्लूच्या प्रकारांपैकी एच३एन२ यात सर्वांत चपळ. तो प्रौढांनाही बऱ्यापैकी गाठतो आणि प्रौढ विमानाने फिरतात, म्हणून त्याचे नवे वाण जगभर झपाट्याने पोचतात. एच१एन१ आणि बी प्रकार तुलनेने मुलांत रमतात, सावकाश बदलतात आणि एखाद्या प्रदेशात अनेक हंगाम टिकून राहतात.

दुसरा बदल एका झटक्यात होतो. एकाच पेशीत दोन विषाणू शिरले की आठ तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते. २००९ चा एच१एन१ असाच पक्षी, माणूस आणि डुक्कर यांच्या विषाणूंच्या तुकड्यांतून जुळला होता. भारतातला त्याचा पहिला मृत्यू पुण्यातच, ३ ऑगस्ट २००९ ला नोंदला गेला. आता तो नेहमीचा हंगामी विषाणू आहे. आपण अजून त्याला ‘स्वाइन फ्लू’ म्हणतो आणि उगाच डुकरांकडे संशयाने बघतो. हंगामी म्हणजे सौम्य नव्हे: २०१५ साली देशात त्याचे ४२ हजारांवर रुग्ण आणि सुमारे तीन हजार मृत्यू नोंदले गेले.

हे बदल टिपण्याचं काम पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत चालतं. नमुना आजाराच्या पहिल्या तीन-चार दिवसांत, नाक आणि घसा दोन्हीकडून घेतलेला बरा. नंतर विषाणू कमी होत जातो. स्वॅब कोरडा नेला तर विषाणू मरतो, म्हणून तो द्रव माध्यमात बुडवून २ ते ८ अंशांत पाठवतात. उशीर होणार असेल तर उणे ७० अंश हवेत. साध्या डीप फ्रीझरच्या उणे २० मध्ये ठेवला, तर तपासणीसाठी प्रयोगशाळेत विषाणू वाढवण्याची आशा बरीचशी सोडावी लागते.

पुढची चाचणी ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये होते. फ्लूचा विषाणू तांबड्या रक्तपेशींना जोडून त्यांची जाळी करतो. प्रतिपिंडांनी त्याला अडवलं तर पेशी तळाशी ठिपक्यासारख्या बसतात. जुन्या विषाणूविरुद्धचं फेरेट प्राण्याचं रक्तद्रव्य दुपटीदुपटीने पातळ करत नेतात. नव्या विषाणूला अडवायला ते आठपट किंवा त्याहून जास्त कमी पडलं, तर विषाणू वेगळा झाला असं मानतात. यातही एच३एन२ खोडी काढतो: तो कधी हिमॅग्लुटिनिनऐवजी न्यूरामिनिडेज या पृष्ठभागावरच्या दुसऱ्या प्रथिनाने पेशींना चिकटतो आणि निकाल फसवा येतो. मग न्यूरामिनिडेजला रोखायला खळग्यांत ऑसेल्टामिविर, म्हणजे फ्लूचं औषधच, घालावं लागतं.

लशीत कोणते वाण घ्यायचे हे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा सांगते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरात दक्षिणेसाठी. तयार व्हायला सहाएक महिने लागतात. नकाशात पुणे उत्तर गोलार्धात असलं, तरी आपल्या पावसाळ्याला दक्षिण गोलार्धाची लस वेळेवर पोचते. नोव्हेंबरात टोचून घेतलेल्या लशीची प्रतिपिंडं जुलैपर्यंत बरीच ओसरलेली असतात. म्हणून खोक्यावरचं वर्ष आणि गोलार्ध वाचून मे महिन्यात, फार तर जूनच्या सुरुवातीला टोचावी. परिणाम दिसायला दोन आठवडे जातात. सहा महिने ते आठ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदाच द्यायची असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणजे त्याची सुरुवात एप्रिलमध्येच. घरी आणून ठेवायची वेळ आली तर बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये, गोठलेली लस वाया जाते. आणि चारऐवजी तीनच घटकांची लस मिळाली म्हणून कुणी फसवलं असं समजू नये: बी प्रकारातली यामागाता शाखा मार्च २०२० नंतर जगात खात्रीने सापडलेलीच नाही, म्हणून तो चौथा घटक काढला आहे.