जुन्या यंत्राचा पट्टा मागण्यापूर्वी माप कसे घ्यावे

जुना पट्टा टेपने बाहेरून मोजायचा आणि ७१ इंच भरला म्हणून ७१ नंबरचा पट्टा मागायचा, ही चूक आमच्याकडे वारंवार होते आणि ऐन मळणीत ग्राहकाचा वेळ खाते. व्ही-पट्ट्यावर बी-६८ असे लिहिलेले असते तेव्हा बी हा पट्ट्याच्या जाडी-रुंदीचा प्रकार असतो आणि ६८ हे आतल्या बाजूची लांबी इंचांत सांगते. बी पट्ट्याची जाडी ११ मि.मी. असल्याने तोच पट्टा बाहेरून पावणेतीन इंच जास्त भरतो. शिवाय वापरलेला पट्टा ताणलेलाही असतो. अशा मापाने नेलेला पट्टा चढतो सहज, पण ताणाचा बोल्ट शेवटपर्यंत ओढूनही पुलीवर घसरतो आणि तासाभरात जळल्याचा वास येतो.

नंबर पुसला गेला असेल तर ताणाचा बोल्ट मधोमध ठेवावा, पुल्यांच्या खाचांच्या कडेला समपातळीत सुतळी फिरवावी आणि ती मोजून ए पट्ट्यासाठी २, बीसाठी पावणेतीन, तर सीसाठी साडेतीन इंच वजा करावेत. वरची रुंदी नव्या ए पट्ट्याची १३, बीची १७ आणि सीची २२ मि.मी. असते, झिजलेला बी यापेक्षा अरुंद भरतो, म्हणून जुना पट्टा सोबत आणावा, असा आमचा आग्रह असतो.

तीन खाचांच्या पुलीसाठी एकच पट्टा आम्ही सहसा देत नाही. विक्री वाढावी म्हणून हा नियम केलेला नाही. ताणलेल्या दोघांच्या जोडीला नवा घातला की सगळा भार त्या नव्यावरच येतो आणि तो लवकर तुटतो. एकसारख्या लांबीचे संच आमच्याकडे जुळवून ठेवलेले असतात.

खाचेचा तळ चकाकत असेल, तर पट्टा बाजूंनी न धरता तळाला टेकतो आहे असे समजावे. तिथे नवा पट्टाही टिकणार नाही. पुली आणल्यास आम्ही खाच तपासून देतो.

पट्टा पान्याने किंवा पहारीने उचकटून चढवू नये, कारण आतले धागे तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. असा पट्टा आम्हाला परत घेता येत नाही. मोटर किंवा इंजिन सैल करून तो हाताने चढवावा, दोन पुल्यांमधल्या प्रत्येक मीटर अंतरामागे मधोमध दाबल्यावर सुमारे १६ मि.मी. दबेल इतका ताण द्यावा आणि पहिल्या दिवसाच्या कामानंतर ताण पुन्हा तपासावा.