थॅलिडोमाइड आणि मायलोमाच्या रक्तवाहिन्या

कर्करोगाच्या गाठीला एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायचे असेल तर स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात, आणि त्या निर्माणच होऊ दिल्या नाहीत तर गाठीची वाढ रोखता येईल, असे बॉस्टनचे शल्यविशारद जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडले. रक्ताच्या कर्करोगात बहुधा गाठच नसते. त्यामुळे तिथे हा विचार गैरलागू वाटणे स्वाभाविक होते. १९९४ मध्ये इटलीतील अँजेलो वाक्का आणि सहकाऱ्यांनी मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेत वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांची अस्थिमज्जा तपासली, तेव्हा बळावलेल्या रोगात सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट झालेले आढळले. मायलोमाच्या पेशी रक्तवाहिन्या वाढवणारे व्हीईजीएफ हे प्रथिन सोडतात आणि आसपासच्या पेशी त्याला प्रतिसाद म्हणून कर्करोगाला पोसणारी द्रव्ये पुरवतात.

त्याच वर्षी फोकमन यांच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट डमॅटो यांनी सशाच्या डोळ्यातील नव्या रक्तवाहिन्यांची वाढ थॅलिडोमाइडने थांबते, असे दाखवले. हे तेच औषध, जे १९५७ पासून पश्चिम जर्मनीत झोपेसाठी विकले गेले आणि गर्भवतींनी घेतल्यामुळे जगभर दहा हजारांहून अधिक बाळे व्यंग घेऊन जन्मल्यावर १९६१ मध्ये मागे घेतले गेले. इतका वाईट इतिहास असलेले औषध पुन्हा रुग्णांना देण्याचे धाडस अमेरिकेतील आर्कान्सा विद्यापीठाच्या डॉक्टरांनी केले, कारण त्यांच्या रुग्णांपुढे फारसे पर्याय उरले नव्हते. सीमा सिंघल आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासातील ८४ रुग्णांपैकी ३२ टक्क्यांमध्ये मायलोमाचे विकृत प्रथिन किमान चतुर्थांशाने घटले.

मला सर्वांत मोलाची वाटते ती याच अभ्यासातील दुसरी नोंद: गुण आलेल्या रुग्णांच्याही अस्थिमज्जेतील रक्तवाहिन्यांची दाटी लक्षणीय घटलेली नव्हती. मग औषध काम करते तरी कसे? याचे उत्तर पुढे जपानमध्ये सापडू लागले. थॅलिडोमाइड पेशीतील सेरेब्लॉन या प्रथिनाला चिकटते, हे २०१० मध्ये कळले. तर अशा रीतीने बांधले गेलेले सेरेब्लॉन मायलोमाच्या पेशींना जगण्यासाठी लागणारी इकारोस आणि आयोलोस ही प्रथिने नष्ट करवते, हे लेनालिडोमाइड या त्याच कुळातील औषधावरील संशोधनातून २०१४ मध्ये स्पष्ट झाले. उलट केवळ व्हीईजीएफ अडवणाऱ्या बेव्हॅसिझुमॅब या औषधाचा मायलोमात अपेक्षेइतका लाभ दिसला नाही. म्हणून थॅलिडोमाइडच्या कुळातील औषधांना निव्वळ ‘रक्तवाहिन्या रोखणारी’ म्हणणे अपुरे आहे, जरी तो गुणही त्यांच्यात असला तरी.

ही औषधे घेताना गर्भधारणा कटाक्षाने टाळावी लागते, आणि शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढत असल्याने डॉक्टर बहुतेकदा ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ ठेवणारे दुसरे औषध जोडीला देतात.